चार अंडी टिटवीची, चार अंडी टिलव्याची

५ नोव्हेंबर ते १२ नोव्हेंबर हा आपल्या महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. म्हणून गुरुजींनी या वेळचे भित्तिपत्रक पक्ष्यांचे करायचे ठरवले. कोणी मोर घेतला, कोणी पोपट घेतला. मी दोन साधे पक्षी घेतले आहेत. एक आपल्या कार्ल्याच्या माळावरची टिटवी. दुसरा टिलवा. तो आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो आणि अंडी घालायला पार उत्तर ध्रुवाकडे जातो.

टिलवा मी दिवाळीच्या सुट्टीत पाहिला. माझी मावशी भिगवणला असते. तिथे उजनी धरणाचे पाणी आहे. काठच्या चिखलात चिमणीएवढे पक्षी शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर करत पळत होते. मावशीचे यजमान म्हणाले, "हे टिलवे. थंडीपुरते येतात." आपल्या इंद्रायणीचे पाणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा पुढे उजनी धरणात जाते. म्हणजे कार्ल्याच्या पुलाखालून गेलेल्या पाण्यावरच हे टिलवे राहतात.

टिलव्याचे वजन सुमारे २५ ग्रॅम असते. उन्हाळ्यात तो जिथे जातो त्या प्रदेशाला टुंड्रा म्हणतात. तो प्रदेश साधारण ७० अंश उत्तर अक्षांशावर आहे. उजनी १८ अंशांवर आहे. ७० वजा १८ बरोबर ५२. एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर. ५२ गुणिले १११ बरोबर ५७७२. म्हणजे सरळ रेषेत गेला तरी पावणेसहा हजार किलोमीटर झाले. आणि मग तेवढेच परत. २५ ग्रॅमचा पक्षी एवढा लांब कशाला जातो? इथेच अंडी घातली तर काय बिघडेल? हा प्रश्न मी गुरुजींना विचारला. त्यांनी मला पुस्तके दिली आणि म्हणाले, "तूच शोध आणि भिंतीवर लाव."

पक्ष्याला वीण करायला काय लागते?

अंडी घालणे, ती उबवणे आणि पिल्ले वाढवणे या सगळ्याला वीण म्हणतात. विणीसाठी चार गोष्टी लागतात. पहिली, पिल्लांना भरपूर खाणे. दुसरी, घरट्याला जागा. तिसरी, शत्रू कमी. चौथी, पुरेसे दिवस. या चार गोष्टी एकाच वेळी जिथे मिळतील तिथे पक्षी वीण करतो. आता या चार गोष्टी तिकडे कशा आहेत आणि इकडे कशा आहेत ते बघू.

पहिली गोष्ट : खाणे

टुंड्रामध्ये वर्षातले आठ-नऊ महिने बर्फ आणि थंडी असते. जमीन आतून कायमची गोठलेली असते. जूनमध्ये वरचा बर्फ वितळतो. पण खालची जमीन दगडासारखी गोठलेली असल्यामुळे पाणी मुरत नाही. जिकडे तिकडे डबकी साचतात. डबक्यांत डास आणि चिलटे इतकी होतात की माणसाला तोंडावर जाळी बांधून फिरावे लागते. आपल्याला डास म्हणजे त्रास, पण टिलव्याच्या पिल्लांना ते पंचपक्वान्न आहे.

शिवाय तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. आपल्याकडे २१ जून हा सगळ्यात मोठा दिवस, तरी तो १३ तासांहून थोडासाच मोठा असतो. स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. तिथे एप्रिलच्या २० तारखेच्या सुमारास सूर्य उगवला की ऑगस्टच्या २०-२२ तारखेपर्यंत मावळत नाही. तो आकाशात गोल फिरत राहतो. म्हणजे पिल्लांना चोवीस तास उजेड. अंधार पडला, आता खाणे बंद, असे होत नाही.

आपल्याकडे असा हंगाम कोणता? तर पावसाळा. मृगाचा पाऊस पडला की किडे, अळ्या, पाकोळ्या, गांडुळे सगळे बाहेर येतात. म्हणून आपल्याकडचे कितीतरी पक्षी पावसाळ्यात वीण करतात. सुगरण एरवी दाणे खाते, पण पिल्लांना किडे भरवते, कारण पिल्लांचे अंग वाढायला किडेच लागतात. चातक आफ्रिकेतून पावसाच्या पुढे येतो आणि आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. सातभाई बिचारे चातकाचे पिल्लू आपले समजून सांभाळतात. नवरंगसुद्धा पावसाच्या तोंडावर सह्याद्रीच्या जंगलात येतो.

मला असे वाटते की आपला पावसाळा आणि तिकडचा उन्हाळा हे भाऊ-भाऊ आहेत. दोन्ही थोडे दिवस येतात, खूप देतात आणि निघून जातात.

दुसरी गोष्ट : जागा

टुंड्रामध्ये झाडे नाहीत. तिकडचा वाळुंज म्हणजे आपल्या वाळुंजाचा भाऊ, पण तो जमिनीला चिकटून वितभरही वाढत नाही. म्हणून टिलवा जमिनीवरच खळगा करतो, त्यात वाळकी पाने घालतो आणि चार अंडी घालतो. तिथे हिमपक्षी म्हणून एक चिमणीसारखा पक्षी आहे. त्याचा नर बर्फ असतानाच पुढे येतो आणि खडकातली चांगली कपार धरून ठेवतो, जसे आपण एकवीरेच्या जत्रेत पुढे जाऊन जागा धरतो. मादी तीन-चार आठवड्यांनी येते. कपारीत फार थंड असते. मादी उठली तर अंडी गार होतील, म्हणून नर तिला घरट्यावरच खाऊ आणून देतो.

आपल्या टिटवीचे घरटेसुद्धा जमिनीवर असते. घरटे कसले, चार खडे गोल लावलेले. अंडी मातीच्या रंगाची आणि वर काळे ठिपके. मी दोन हातांवर उभी होते तरी मला आधी दिसली नाहीत. टिटवीची अंडी चार आणि टिलव्याचीही बहुधा चारच. चौघांची टोके आत करून ठेवली की ती फुलासारखी घट्ट बसतात आणि आईच्या पोटाखाली नीट मावतात. टिटवी आणि टिलवा हे दोघे एकाच मोठ्या गटातले, पाणथळीतले पक्षी आहेत. टिलव्याच्या चार अंड्यांचे वजन जवळजवळ टिलव्याच्या आईएवढे भरते.

फरक एकच आहे. टिलव्याच्या आईला अंडी गार होतील याची काळजी. तिकडे सगळ्यात गरम महिन्यातही सरासरी तापमान १० अंशांच्या आत असते. आपल्या टिटवीला उलटी काळजी. मे महिन्यात माळ तापतो आणि अंडी भाजतील अशी भीती असते. म्हणून टिटवी ओढ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंड्यांवर सावली धरून बसते. एकीचे पोट चूल आणि दुसरीचे पोट माठ.

तिसरी गोष्ट : शत्रू

आपल्याकडे साप, मुंगूस, घोरपड, कावळे, कुत्री, मांजरे, सगळेच अंड्यांवर टपलेले असतात. तिकडे साप नाहीत. पण कोल्हा आहे, आणि मोठे समुद्रपक्षी आहेत. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. त्यांनी दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत ठिकठिकाणी खोटी घरटी करून त्यांत लाव्याची अंडी ठेवली आणि किती चोरीला जातात ते मोजले. जसजसे उत्तरेला गेले तसतशी चोरी कमी झाली. हे त्यांनी २०१० साली छापले. म्हणजे लांब जाण्याचा हा एक फायदा.

तिकडे लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी असतो. ज्या वर्षी लेमिंग खूप होतात त्या वर्षी कोल्ह्याचे पोट लेमिंगवर भरते आणि अंडी वाचतात. हिमघुबड तर लेमिंग जास्त असले की जास्त अंडी घालते आणि लेमिंग नसले तर एखाद्या वर्षी अंडी घालतच नाही. आणि ज्या वर्षी लेमिंग कमी, त्या वर्षी कोल्हा भुकेला फिरतो आणि टिलव्यांची घरटी शोधतो. म्हणजे टिलव्याचे नशीब उंदरावर अवलंबून आहे.

चौथी गोष्ट : दिवस

ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. जूनच्या मध्याला बर्फ वितळला असे धरा. अंडी उबवायला सुमारे ३ आठवडे. पिल्लांना उडायला २ ते ३ आठवडे. ३ अधिक ३ बरोबर ६ आठवडे, म्हणजे ४२ दिवस. १५ जूनपासून ४२ दिवस मोजले तर २७ जुलै येतो. ऑगस्टमध्ये थंडी परत येऊ लागते. म्हणजे एक घरटे मोडले तर दुसरे करायला वेळ फारच थोडा.

म्हणून टिलव्याने एक युक्ती केली आहे. मादी एका घरट्यात चार अंडी घालते आणि ती नराला उबवायला देऊन टाकते. मग दुसऱ्या घरट्यात चार अंडी घालते आणि ती स्वतः उबवते. आठ पिल्ले एकाच वेळी वाढतात. आणि पिल्लेही शहाणी. अंड्यातून निघून अंग वाळले की ती स्वतःच किडे टिपतात. थंडी वाजली की आईच्या किंवा बापाच्या पोटाखाली जातात. पुढे मोठे पक्षी आधी निघून जातात. पिल्ले मागून निघतात आणि कधी न पाहिलेल्या वाटेने, कोणी न दाखवता, हजारो किलोमीटर बरोबर येतात. मला मळवली स्टेशनावरून लोणावळ्याला एकटीला जायला घरचे देत नाहीत.

आपल्या सुगरणीला चार महिने असतात. तिच्या घराबद्दल डॉ. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला बसून अभ्यास केला. त्यांना कळले की घरटे बांधतो तो नर. तो अर्धे बांधून मादीला दाखवतो. मादीला पसंत पडले तरच पुढचे बांधतो. आणि एक घर लागले की तो दुसरे बांधायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. हे आधी कोणाला नीट माहीत नव्हते. दुर्बीण आणि वही घेऊन रोज बघत बसले म्हणून कळले.

वेळ चुकली तर काय होते?

२०१८ साली ग्रीनलंडच्या ईशान्य भागात बर्फ फार पडला आणि जुलै महिन्यातही बराच बर्फ तसाच होता. पक्षी हजारो किलोमीटर उडून आले. पण जमीन दिसेना, किडे निघेनात. बहुतेक पक्ष्यांनी त्या वर्षी अंडीच घातली नाहीत. काही उपाशी राहिले. तिथे राहून अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी लिहिले आहे की त्या वर्षी झाडे, किडे, पक्षी, प्राणी कोणाचीच वीण नीट झाली नाही.

कधी उलटेही होते. पृथ्वी तापते आहे, म्हणून बर्फ लवकर वितळतो. मग किडे लवकर येऊन जातात आणि पिल्ले निघतात तेव्हा किडे संपत आलेले असतात. रेड नॉट नावाचा एक पक्षी आहे. बर्फ लवकर वितळलेल्या वर्षी त्याची पिल्ले लहान चणीची आणि आखूड चोचीची निघाली, असे २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. हिवाळ्यात हा पक्षी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाळूत चोच खुपसून शिंपले खातो. चोच आखूड, म्हणून खोलवरचे शिंपले लागत नाहीत. चूक ध्रुवावरच्या हवेची आणि उपास आफ्रिकेत.

आमच्या राबातली टिटवी

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या राबाच्या जागेत टिटवीने अंडी घातली. पालकांना राब माहीत आहे, पण पाहुण्यांसाठी सांगते. भाताची रोपे करायची जमीन पावसाआधी शेण, पाला, गवत पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. राबाची जागा जरा उंचावर असते, पाणी साचू नये म्हणून. आमचे राबाचे दोन तुकडे आहेत. एक ओढ्याकडे आणि एक माळाकडे. माळाकडच्या तुकड्यात २७ एप्रिलला मला दोन अंडी दिसली. ३० एप्रिलला चार झाली.

बाबा म्हणाले, "राब तर भाजायलाच पाहिजे. एका पाखरासाठी रोपं सोडायची का?" आजी म्हणाली, "आरं, तिची पिल्लं निघू दे. मृगाला अजून महिना हाय." मी गुरुजींना फोन करून विचारले. टिटवीला अंडी उबवायला सुमारे २८ दिवस लागतात, असे ते म्हणाले. ३० एप्रिलपासून २८ दिवस म्हणजे २८ मे. मृग ७-८ जूनला. म्हणजे मध्ये १० दिवस उरतात. मी हा हिशेब वहीवर करून बाबांना दाखवला. बाबांनी वही बघितली आणि ओढ्याकडचा राब भाजला. माळाकडचा ठेवला.

पण त्या वर्षी पाऊस मृगाला थांबला नाही. पुण्याला मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो. २०२५ साली तो २६ मे रोजीच पुण्या-मुंबईत पोचला. त्याच्या आधीपासून वळीव पडतच होता. आमचा माळाकडचा राब भिजून गेला. ओला पाला जळतो कुठे? बाबा दारात उभे राहून नुसते पावसाकडे बघत होते. कोणी काही बोलले नाही.

टिटवी मात्र उठली नाही. धो धो पावसात ती अंडी पोटाखाली घेऊन बसलेली मी छत्री घेऊन लांबून पाहिली. जागा उंच होती म्हणून पाणी वाहून गेले. २९ मेला सकाळी तीन पिल्ले निघाली. एक अंडे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी खळगा रिकामा होता. पिल्ले आईबरोबर बांधाच्या गवतात गेली होती.

आमची रोपे त्या वर्षी कमी पडली. चुलत्यांनी त्यांच्या राबातल्या मुठी दिल्या. एक खाचर आठ दिवस मागे लागले, पण पिकले. आता इंद्रायणी कापून घरात आली आहे. मी बाबांना विचारले, "पुन्हा टिटवी बसली तर?" बाबा म्हणाले, "मग आधी पाला झाकून ठेवू, आणि मग तिची वाट बघू."

आजी म्हणते, टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त पडतो. ते त्या वर्षी जुळले. पण गुरुजी म्हणाले, एका घरट्यावरून नियम होत नाही, पुष्कळ वर्षे पुष्कळ घरटी बघून लिहून ठेवायला पाहिजेत. म्हणून मी एक वही केली आहे. ज्यांना टिटवीचे घरटे दिसेल त्यांनी तारीख, जागा आणि अंडी किती हे मला सांगावे.

आपण काय करू शकतो?

१. राब भाजायच्या किंवा नांगर, ट्रॅक्टर घालायच्या आधी एकदा वावरातून चालत फिरावे. टिटवी ओरडत डोक्यावरून फिरली तर घरटे जवळ आहे असे समजावे.

२. घरटे सापडले तर लांबूनच बघावे. अंड्याला हात लावू नये. जवळ दगड रचून खूण करू नये, कारण कावळा खुणा ओळखतो.

३. माळावर वणवा लावू नये. गवत परत येते, अंडी येत नाहीत.

४. विहिरीवरच्या आणि ओढ्यावरच्या बाभळी तोडू नयेत. सुगरणीची घरे तिथे असतात. वाळलेला खोपासुद्धा पावसाळा संपेपर्यंत काढू नये.

५. आपल्या माळावर आता ठिकठिकाणी तारेची कुंपणे आणि बंगले होत आहेत. गेल्या वर्षी जिथे दोन टिटव्या होत्या तिथे या वर्षी जेसीबीने माती सपाट केली. जमीन ज्याची त्याची आहे. पण गावाचा थोडा तरी माळ माळ म्हणून ठेवावा, असे मोठ्या माणसांनी ग्रामसभेत बोलावे ही विनंती.

टिलव्याला टुंड्रा हवी, तशीच त्याला उजनीच्या काठचा चिखलही हवा. दोन्हींपैकी एक जरी गेले तरी टिलवा जाईल. टिटवीचे तसे नाही. ती कुठे जातच नाही. तिचा उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सगळा आपल्याकडेच. म्हणजे तिची सगळी जबाबदारी आपल्यावरच आहे.

सांगा पाहू!

(१) टिटवीने १२ मे रोजी चौथे अंडे घातले. २८ दिवस धरले तर पिल्ले कोणत्या तारखेला निघतील? तोपर्यंत मृग लागला असेल का?

(२) टिलव्याच्या एका मादीने दोन घरट्यांत मिळून किती अंडी घातली? त्यांतली निम्मी कोण उबवतो?

(३) तुमच्या घराजवळ पावसाळ्यात कोणकोणत्या पक्ष्यांनी घरटी केली? तीन नावे लिहा.

उत्तरे खालच्या खोक्यात टाकावीत. पालकांनीही टाकावीत.

इयत्ता चौथी, कार्ले